दुबईचा बाम

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणाचे भलते गैरसमज व्हायला नकोत. लोक माझं कौतुक करतात. नवऱ्याच्या आजारपणात परमुलखात हिने एकटीने सगळं निभावलं, असं म्हणतात. ते ऐकताना मी मान खाली घालते आणि त्यांना तो विनय वाटतो.

हा भित्रेपणा जुना आहे. लग्नानंतर आम्ही दुबईला राहायला गेलो, त्या वर्षी गणपतीसाठी कोकणात सासरी आलो होतो. परत निघताना सासूबाईंनी दिवाळीसाठी अनारशाचं पीठ बांधून दिलं आणि सोबत पावशेर खसखस. विमानात शेजारच्या सीटवर शारजात रोल्लाला राहणाऱ्या एक बाई होत्या. बोलता बोलता पिशवीत काय काय आहे ते मी त्यांना सांगितलं. त्या एकदम सरसावून बसल्या. "खसखस? अहो, अफूच्या बोंडातली ती. इथे ड्रग्जमध्ये धरतात. आमच्या बिल्डिंगमधला एक माणूस त्यापायी आत गेला, अजून बाहेर आलेला नाही." खरं-खोटं देव जाणे. मी उठले, विमानाच्या संडासात गेले आणि ती सगळी पुडी ओतून टाकली. घाईत थोडी खाली सांडली. तीही कागदाने पुसून काढली.

त्या दिवाळीला अनारसे रव्यावर थापले. कुणी दुसरा घेतला नाही. नवऱ्याला मात्र आयुष्यभराचा विनोद मिळाला. अल कुसैसच्या आमच्या घरी कुणीही नवीन जेवायला आलं, की तो माझी ओळख करून द्यायचा, "ही माझी बायको. हिने अरबी समुद्रात खसखस पेरलेली आहे." मी चिडायचे. पण त्याला चिडवायची मुभा होती, कारण तो कशालाच भ्यायचा नाही.

एका गोष्टीला सोडून. त्याचे वडील तोंडाच्या कॅन्सरने गावीच गेले होते. तो तेव्हा कॉलेजात होता. शेवटचे दोन महिने त्यांचं ओरडणं खालच्या वाडीपर्यंत ऐकू जायचं, असं त्याने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही.

तो एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. २००८ सालचं ते मंदीचं संकट आलं, तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये रोज नवे कागद चिकटायला लागले. सोफा विकणे आहे, फ्रिज विकणे आहे, मुलाची सायकल विकणे आहे. खाली नंबर. दोन आठवड्यांनी नंबर लागेनासा व्हायचा, कारण माणूस गेलेला असायचा. त्याच्या कंपनीचा टॉवर एकोणिसाव्या मजल्यावर थांबला. वर क्रेन तशीच उभी. त्याच डिसेंबरात एका सकाळी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला.

कावीळ म्हटल्यावर आपल्या लोकांना काय, सगळेच वैद्य. शेजारणीने उसाचा रस आणला. गावाहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "कावीळ उतरवणारा माणूस आहे इथे, त्याला पाठव." त्यांना मी वहिनी म्हणते. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाला गाठ दिसली. सर्जन इजिप्तचे होते, उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. गाठ पसरलेली नसेल, तर मोठं ऑपरेशन, आठ तास लागतील, असं सांगितलं. पसरलेली असेल तर कावीळ उतरावी एवढी पित्ताची वाट मोकळी करून पोट बंद करू, असंही सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी सोबतीला आलेल्या शेजारणीने डब्यात पोहे आणले होते. आठ तास बसायचं म्हणून ती स्वेटर विणायला घेऊन आली होती. दुबईत स्वेटर. दोन तासांत दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. शेजारीण खुश होऊन म्हणाली, "लवकर झालं म्हणजे चांगलंच झालं हो." मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही. मी घड्याळाकडे बघितलं होतं.

आपल्याकडे अशा वेळी पेशंटपासून लपवतात. मीही तेच म्हणाले. सर्जननी नकारार्थी मान हलवली, पेशंट स्वतः विचारतोय तेव्हा खोटं सांगणार नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पलंगाच्या कडेला बसून सगळं नीट सांगितलं. यकृतावर ठिपके आहेत. गाठ काढता आली नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ते गेल्यावर म्हणाला, "म्हणजे माझा आणि टॉवरचा प्रोजेक्ट एकाच महिन्यात होल्डवर." मी रडायला लागले. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "एक वचन दे. कुठेही ठेव, कुठेही ने. फक्त दुखू देऊ नकोस. बाबांसारखं नको."

मी वचन दिलं. अगदी सहज, भाजी आणते म्हणावं तसं.

दुखणं फेब्रुवारीत आलं. पोटातून पाठीत जायचं. तो बसायचा तर पुढे वाकून, उशी पोटाशी धरून. सर्जननी आम्हाला त्याच हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरकडे पाठवलं. दुखणं सांभाळणं हे तिचं काम. केरळची होती, पन्नाशीची, कडक. तिने त्याला विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतं? माझा नवरा कोकणातला. तो म्हणाला, "दोन." ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मॅडम, आप बोलो." मी म्हटलं, आठ. ती म्हणाली, "सब इंडियन मर्द लोग दो बोलते हैं। फिर रात को दीवार पे सिर मारते हैं।"

तिने मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी आठ, रात्री आठ. मध्ये लागलं तर छोटी गोळी. "दर्द आने के बाद नहीं। दर्द आने के पहले। घड़ी देख के," हे तिने माझ्याकडून पाठ करून घेतलं. रिकाम्या पट्ट्या परत नेऊन दिल्या, की ती एकेक भोक बोटाने मोजायची, वहीत सह्या घ्यायची, कपाटाला दोन कुलुपं होती ती उघडायची आणि मगच नव्या द्यायची. मला त्या वहीची धास्ती वाटायची. एक गोळी हरवली तर काय, म्हणून मी गोळ्या देवघरात ठेवल्या होत्या, गणपतीच्या मागे.

पण काय सांगू, माणूस परत आला. पंधरा दिवसांत तो ताठ बसायला लागला. वरण-भात जेवायला लागला. मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा होती, तिला गणितं शिकवायला लागला. ती इंग्रजीत वाद घालायची, हा मराठीत. "बाबा, दॅट्स नॉट द मेथड!" "मेथड गेली खड्ड्यात, उत्तर बरोबर आहे ना?" मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मरणार असलेला माणूस असा हसू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. सर्जनच्या सुरीने जे झालं नाही, ते त्या कडक बाईच्या दोन गोळ्यांनी केलं होतं. तिच्या पदरात तेव्हाच आयुष्यभराचं पुण्य घालायला हवं होतं. मी फक्त चकल्या नेऊन दिल्या.

मार्चअखेर परीक्षा संपली आणि कंपनीतून पत्र आलं. कंपनीला दोष देत नाही. चार महिने बसवून पगार दिला होता त्यांनी. पण नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की विमा जातो. तिथे राहायला एक महिना मिळतो. आणि त्याच सुमाराला गावाहून फोनांचा भडिमार सुरू झाला. "आपल्या माणसांत आण त्याला. परक्या देशात काय ठेवतेस?" हे मोठे दीर. "तिथे कोण आहे तुमचं?" हे वहिनी. "शेवटचे दिवस आपल्या मातीत," हे मामेसासरे, जे स्वतः डोंबिवलीला राहतात.

तिथे आमची एक कुलुपांची बाई होती, हे मला कुणाला सांगावंसं वाटलं नाही. मलासुद्धा आपली माणसंच हवी होती. मी थकले होते.

सिस्टरला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा जरा गोंधळली. "वहाँ कौन देगा?" मी म्हटलं, "इंडिया आहे सिस्टर. वहाँ सब मिलता है." आणि हे मी मनापासून म्हणत होते. दुबईत साध्या खोकल्याच्या औषधाला चिठ्ठी मागतात. आपल्याकडे केमिस्टला नाव सांगितलं की काउंटरवर. आम्ही गल्फची सगळी माणसं सुट्टीवरून येताना वर्षाची औषधं घेऊन यायचो, इतकं ते आपल्याकडे स्वस्त आणि सोपं. सिस्टरने कपाटाची दोन्ही कुलुपं उघडली. तिने चौदा दिवसांच्या गोळ्यांचा एक खोका भरला. इंग्रजी आणि अरबीत पत्र करून आणलं, त्यावर तीन शिक्के. "ये लेटर और ये बॉक्स, दोनों साथ में। हँडबॅग में। लगेज में नहीं। चौदह दिन के अंदर वहाँ डॉक्टर ढूँढो। अचानक बंद नहीं करना।" मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

मग मी बॅगा भरल्या. आता त्या बॅगांबद्दल सांगितलंच पाहिजे. नवरा मरायला चाललेला, आणि मी दुधाच्या पावडरचे डबे भरत होते. खजूर, पिस्ते, साबणाच्या वड्या, अत्तराच्या बाटल्या, टॉर्च, आणि बाम. लाल झाकणाच्या छोट्या बाटल्या, डझनाने मिळायच्या. सहा दिरहमला एक, म्हणजे ऐंशी रुपये. गल्फहून रिकाम्या हाताने जायचं नसतं. कितीही काही होवो, नसतं. दीर, नणंदा, त्यांची मुलं, शेजारचे, भटजी, सगळ्यांच्या नावाने पिशव्या केल्या. तो सोफ्यावरून बघत होता. "माझ्या तेराव्याला वाटणार आहेस का?" म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले.

विमान दुपारचं होतं. एअरपोर्टवर त्याला व्हीलचेअर मिळाली. सकाळी आठची गोळी झालेली, त्यामुळे तो मजेत होता, ढकलणाऱ्या माणसाशी गप्पा मारत होता. मुलगी ट्रॉली ओढत होती. खोका माझ्या पर्समध्ये. आमच्या पुढच्या रांगेत एका कामगाराला बाजूला घेतलं होतं. त्याची बॅग टेबलावर उघडली होती आणि वर्दीतला माणूस त्यातून औषधांच्या पट्ट्या काढून एकेक उजेडात धरून बघत होता. कामगार काहीतरी समजावत होता. तो माणूस ऐकत नव्हता.

मी पर्स पोटाशी धरली. मुलीला म्हटलं, "मी जरा येते." तिला माझा चेहरा ओळखता येतो. माझ्या मागून बाथरूमच्या दारापर्यंत आली. "आई, नो. इट्स लीगल. आपल्याकडे लेटर आहे ना." मी म्हटलं, "लेटर कोण वाचतंय? मला आत टाकलं तर बाबाला कोण बघेल? तुला कोण बघेल?" ती म्हणाली, "आई, प्लीज." पंधरा वर्षांची पोर. मी तिच्यावर डोळे वटारले आणि आतून कडी लावली.

पट्टीतून गोळी काढायला वेळ लागतो. एकेक दाबावी लागते. मी सगळ्या काढल्या. पाच गोळ्या रुमालात बांधून ब्लाऊजमध्ये ठेवल्या, अडीच दिवसांच्या, कारण तेवढ्यात कुठला तरी केमिस्ट लागेलच, अशी माझी अक्कल. बाकीच्या पाण्यात सोडल्या. पत्रावर गोळ्यांचं नाव होतं, म्हणून पत्रही फाडलं. तीन शिक्के फाडले. दोनदा पाणी सोडलं. बाहेर आले तेव्हा खरं सांगते, मला हलकं वाटलं होतं.

तपासणीच्या मशीनमधून माझी पर्स गेली. पलीकडच्या माणसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यल्ला, यल्ला," म्हणाला आणि हाताने पुढे जा अशी खूण केली. तो कामगारही तोवर आपली बॅग बंद करून, पट्ट्यांसकट, आमच्या पुढे चालू लागला होता.

मुंबईहून गाडीने रात्रभर प्रवास करून गावी पोचलो. दिरांनी नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. पुढच्या खोलीत त्याची कॉट टाकली होती. माणसंच माणसं. हवी होती ना, घ्या. दुसऱ्या दिवशी मी बॅगा उघडल्या आणि पिशव्या वाटल्या. सगळे त्याला बघायला आले होते आणि सगळ्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. नणंदेने विचारलं, "अत्तर तेच आणलंस का गेल्या वेळचं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याने हात पुढे केला. सवयीने, घड्याळ बघून. मी तालुक्याला जाऊन आणते म्हणाले. केमिस्ट दिरांच्या ओळखीचा होता. नाव वाचून त्याने कागद परत दिला. "मॉर्फिन? ताई, हे ठेवायला वेगळं लायसन लागतं. मी तर आजवर बघितलेलं पण नाही." शेजारच्या दुकानात तेच. तिसऱ्यात तेच. तालुक्याचे डॉक्टर भले होते, घरी येऊन होतं ते इंजेक्शन टोचून गेले. त्याने तासभर डोळा लागला. दीर दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात मिळेल म्हणाले, पण पेशंटला आणा, नाहीतर आधीच्या हॉस्पिटलचे कागद आणा. पेशंट आता कॉटवरून खालीसुद्धा उतरू शकत नव्हता. आणि कागद कुठे होता ते मला माहीत होतं.

मी दुबईला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "लेटर मैं फिर से बना के फॅक्स करती हूँ। मोहर लगवाने में टाइम लगेगा।" मग थांबली. "लेकिन मॅडम, चौदह दिन तो हुए नहीं। गोली कहाँ गई?" मी म्हटलं, "सामान में खो गई." तिने एवढंच विचारलं, "हँडबॅग में से?" मी फोन ठेवला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे पुष्कळ असतात. मी हातचं संडासात सोडलं होतं.

त्या संध्याकाळी खोलीत दोघंच होतो. तो पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसलेला, पुन्हा फेब्रुवारीसारखा. घामाने बनियन भिजलेलं. "सामानात नीट बघितलंस?" त्याने विचारलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मी टाकल्या. एअरपोर्टवर. बाथरूममध्ये." मला वाटलं, आता शिवी देईल. द्यावी असं वाटत होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खसखशीसारख्या?"

मी मान हलवली.

तो हसायला गेला, पण हसताना पोट हलतं. दुखणं ओसरेपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "दादाला सांगू नकोस. वहिनीला तर नकोच. जन्मभर ऐकवतील तुला."

हे त्याचं माझ्याशी झालेलं शेवटचं मोठं बोलणं. पुढे तो नुसता कण्हायचा आणि मग कण्हण्याच्याही पलीकडे गेला. वडिलांसारखा ओरडला नाही. दात आवळून धरायचा. त्याचा खालचा ओठ फाटला होता. शेजारीपाजारी म्हणायचे, किती सोसतो हो. मला ते ऐकून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं, पण घरात माणसं होती.

वहिनींनी काय केलं सांगते. त्यांना राहवेना, म्हणून त्यांनी मी दिलेल्या पिशवीतला बाम काढला आणि त्याच्या पाठीला चोळायला लागल्या. "दुबईचा आहे, भारी असतो." स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि वर सहा दिरहमचा बाम. खोलीभर तो वास. मी पुढे झाले, म्हटलं, वहिनी, राहू दे. तर तोच म्हणाला, "असू दे. बरं वाटतंय." मग वहिनी रोज चोळायच्या. सकाळी आठला, रात्री आठला, वेळासुद्धा त्यानेच सांगितल्या. त्यांचा हात लागला की तो "बरं वाटतंय" म्हणायचा. वहिनी बाहेर येऊन सगळ्यांना सांगायच्या, डॉक्टरच्या इंजेक्शनाने नाही झालं ते बामाने झालं. कुणी गोळ्यांची चौकशी करेनासं झालं. त्याला तेच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तो बाराव्या दिवशी गेला. खोका चौदा दिवसांचा होता.

दोन दिवसांनी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात सिस्टरचा फॅक्स आला. तीन शिक्के, पुसट काळे. दिरांनी आणून माझ्या हातात दिला, म्हणाले, "आता काय उपयोग." मी तो घडी करून ठेवून दिला. अजून आहे. अक्षरं उडून गेलीत, कागद नुसता पिवळा राहिला आहे.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मुलगी शिकली, लग्न झालं, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे पुन्हा तिथेच गेली. अबू धाबीला खलिफा सिटीत राहते. मी वर्षातले तीन-चार महिने नातवंडांसाठी जाते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात. मुलगी आणि मी सगळं बोलतो. तिच्या सासूबद्दल बोलतो, पैशाबद्दल बोलतो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलतो. त्या बाथरूमच्या दाराबद्दल आजवर एक शब्द झालेला नाही. ती विसरली असेल अशी मी काही दिवस स्वतःची समजूत घालून बघितली. पण तिची मुलं आजारी पडली की ती डॉक्टरचा प्रत्येक कागद फोल्डरमध्ये लावते, त्याची कॉपी काढते आणि मला सांगत नाही फोल्डर कुठे ठेवला आहे ते.

वहिनी आता थकल्या आहेत. मी निघायच्या आठवड्यात त्यांचा फोन ठरलेला. "अगं, येताना तो लाल झाकणाचा बाम आण हो चार. काय औषध होतं ते! शेवटी त्यानेच तेवढं बरं वाटायचं गं त्याला."

"हो वहिनी," मी म्हणते.

एकदा वाटलं होतं, सांगून टाकावं. बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझ्या हातून तेवढं तरी झालं त्याचं." मग कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांच्याकडे तेवढंच आहे. माझ्याकडे तर तेवढंही नाही.

बाम मुलगीच आणते. मी सांगितलेलं नसतं तरी आणते. माझ्या हँडबॅगेत ठेवते, लगेजमध्ये नाही, आणि चेन लावून माझ्याकडे न बघता बॅग माझ्या हातात देते. एअरपोर्टवर मी बॅग मशीनवर ठेवते आणि पलीकडे जाऊन उभी राहते. दर वेळी वाटतं, या खेपेला तरी कुणी थांबवेल, बाजूला घेईल, बॅग टेबलावर उघडायला लावेल आणि विचारेल, बाई, हे काय नेताय? मला आजवर एकदाही कुणी थांबवलेलं नाही.